सोमवारचा मंगळवार

फ्रिजमधल्या वाट्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मारोतराव, आमच्या हायस्कूलचे हेडक्लार्क, म्हणजे बडेबाबू. ‘मटकी, बुधवार, दुपार.’ ‘भात, गुरुवार, सकाळ.’ एकदा तर ‘अर्धं लिंबू, शुक्रवार’ अशी चिठ्ठी मी स्वतः वाचली आहे. अक्षर टपोरं, रेघेवर बसवलेलं, खाली बारीक सही. अर्ध्या लिंबाखाली सही करणाऱ्या माणसाला काय म्हणावं हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

शाळेत कोणी त्यांचा विषय काढला की मी ‘लय सज्जन माणूस’ एवढं म्हणून मोकळी होते. ते खोटं नाही. पण ह्या सज्जन माणसानं आपल्या बायकोला नऊ आठवडे फसवलं, मी त्यात सामील होते, आणि शेवटी ते माझ्याच तोंडून फुटलं. हे स्टाफरूममध्ये चहा पिताना सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

गंगाखेडला मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी दहा मिनिटं उशिरा पोचले. हेडमास्तर दिलदार होते, म्हणाले, ‘चालतंय, नवीन हायेत.’ बडेबाबूंनी मस्टर माझ्यापुढं सरकवलं आणि शांतपणे म्हणाले, ‘बाई, सहीपुढं वेळ टाका. जी हाय ती.’ मी रागानं टाकली. पुढं कळलं की वडील वारले त्या दिवशी हा माणूस चारठाण्याला गावी गेला होता, हेडमास्तरांनी हजेरी लावून ठेवली होती, आणि परत आल्यावर ह्यानं ती स्वतः खोडून आपल्याच नावापुढं रजा मांडली. ‘त्या दिवशी मी हितं नव्हतो की,’ एवढाच त्याचा खुलासा.

‘तारीख टाका’ हा त्यांचा मंत्र. अर्ज घेऊन जा, तारीख टाका. लग्नाची पत्रिका द्या, पाकिटावर ते स्वतः मिळाल्याची तारीख टाकणार. एकदा संस्थेच्या कोणा बड्या माणसाला एक पत्र मागल्या तारखेचं करून हवं होतं. काम तसं बारीक होतं, कोणाचं नुकसान नव्हतं. बडेबाबू म्हणाले, ‘साहेब, तुमी तोंडी काय म्हणाल ते म्हणा, मी ऐकून घेतो. पण हातानं चुकीची तारीख पडणार न्हाई माझ्याच्यानं.’ पत्र दुसऱ्या कोणी लिहिलं. बडेबाबूंना वर्षभर कोणी सरळ बोललं नाही. त्याचं त्यांना काही वाटल्याचं दिसलं नाही, ते आपले खडूचे तुकडे डब्यात गोळा करत राहिले आणि आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरत राहिले.

ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही शेजारी झालो होतो. मी एकटी, माझं दोन खोल्यांचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून. त्यांच्या घरात ते आणि प्रयागकाकू. एक मुलगा, तो पुण्यात कंपनीत. काकू उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज गल्लीच्या टोकाला जाईल असा. बडेबाबूंना त्यांनी आयुष्यभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. ‘त्यांना चा बी करता येत न्हाई,’ हे त्या तक्रारीच्या सुरात सांगायच्या आणि त्यात अभिमान असायचा.

घरात अंडं, मटण चालायचं, पण त्याला रीत होती. मागच्या ओट्यावर वेगळी शेगडी, वेगळा तवा, वेगळं पातेलं. अंडी फ्रिजमध्ये यायची नाहीत, ओट्यावर पत्र्याच्या डब्यात भुशात राहायची. आणि वार पाळायचे म्हणजे पाळायचे. सोमवार मुलाच्या नावानं, तो तीन वर्षांचा असताना तापात गेल्यातच जमा होता तेव्हा बोललेला. गुरुवार सासूनं लग्नातच गळ्यात घातलेला. शनिवार नवऱ्याच्या नावानं. ह्या तीन वारी त्या ओट्याकडं त्या बघायच्याही नाहीत.

मग साखरेनं काकूंच्या किडन्या गेल्या. डोळे आधीच गेल्यासारखे झाले होते, समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस, सोमवारी आणि गुरुवारी. सकाळच्या गाडीनं जायचं, मशीनवर चार तास, संध्याकाळी परत. परत यायच्या त्या प्रयागकाकू म्हणजे पिळून दोरीवर टाकलेलं लुगडं. जेवण नको, बोलणं नको. डॉक्टरांनी बडेबाबूंना बाजूला घेऊन सांगितलं, ‘मशीनवर अंगातला कस जातो. तो भरून निघाला नाही तर आम्ही काही करू शकणार नाही. अंड्यातलं पांढरं द्या. डायलिसिस झाल्याच्या संध्याकाळी तर द्याच, जड जेवण जाणार नाही त्यांना.’

म्हणून वयाच्या साठीनंतर मारोतराव ऑम्लेट करायला शिकले. शिकवलं मी. पहिलं ऑम्लेट तव्याला असं चिकटलं की ते खरवडून काढताना ते मला म्हणाले, ‘बाई, हे नापास.’ दुसऱ्या आठवड्यात पास झाले. मग त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. संध्याकाळी फ्रिज उघडून ते दार धरून उभे राहायचे, जसे ऑफिसात कपाटापुढं राहायचे, आणि चिठ्ठ्या वाचायचे. फ्रिजमध्ये काय उरलं आहे त्यावर रात्रीचं जेवण ठरायचं, कारण उरलेलं टाकलेलं काकूंना खपत नसे. दुपारची दोडक्याची भाजी असेल तर ती हातानं दाबून पाणी काढायची. मेथी असेल तर मूठभर. कांद्याची पात असेल तर बारीक चिरून. बटाटा असला तर आधी दोन तास पाण्यात, मग ते पाणी फेकून शिजवलेला, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. टोमॅटो बंद. हे सगळं घेऊन ते मागच्या ओट्यावर जायचे, तीन अंडी फोडायचे, पांढरं स्टीलच्या गिलासात सोडायचे आणि काट्याच्या चमच्यानं फेस येईपर्यंत फेटायचे. जिरं, मिरेपूड. मीठ शाईच्या बाटलीच्या झाकणानं, तेही निम्मं. तेलाचा थेंब, वर झाकण, आणि पाच मिनिटांत पिवळेपणा नसलेलं ते पांढरं, हिरवे ठिपके असलेलं ऑम्लेट ताटलीत. त्याचे चार तुकडे करून एकेक तुकडा काकूंच्या तळहातावर ठेवायचे, कारण त्यांना ताटली दिसत नसे. उरलेलं पिवळं आमच्या मांजरीला. तिची चैन झाली.

पण हे मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, रविवारी. डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी.

काय वाद झाले असतील त्या घरात ते भिंतीला कान न लावताही मला ऐकू यायचे. ‘अगं, औषध हाय ते.’ ‘औषध हाय तर बाटलीत द्या.’ ‘डॉक्टर म्हणायलेत की.’ ‘डॉक्टरच्या पोरासाठी न्हाई बोललेला सोमवार, माझ्या पोरासाठी बोललेला हाय.’ बाकीच्या दिवशी त्या मुकाट खायच्या, चवीनंही खायच्या. एकदा मला म्हणाल्या, ‘बाई, चाळीस वर्सं मी ह्यांना रांधून घातलं, पण उरलंसुरलं घालून असं चवीचं मला जमलं नसतं.’ पण सोमवारी आणि गुरुवारी, जेव्हा त्यांना उठून बसता येत नसे, तेव्हा त्या दूधभाताचे दोन घास गिळून भिंतीकडं तोंड करायच्या. पाय सुजायला लागले. दवाखान्याला वार बदलून मागितला, तर जागा नव्हती.

दिवाळीनंतर काकूंना ताप चढला आणि त्या चार दिवस परभणीला भरती राहिल्या. बहुतेक वेळ झोपेत, भ्रमात. घरी आणलं त्या संध्याकाळी बडेबाबू माझ्या दारात आले. आत आले नाहीत. चपला काढून उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाई, आजपासून आमच्या घरात वार एक पुढं हाय.’

मला काही समजलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, जसं नवीन शिपायाला फायलींचं कपाट समजावतात. ‘आज खरा रविवार हाय. तिला मी सोमवार सांगितला. उद्या सोमवार, तो आमच्या घरी मंगळवार. दवाखान्यानं वार बदलून दिला, मंगळवार आणि शुक्रवार केला, असं तिला सांगितलंय. नर्सबाईंना बोललोय. दूधवाल्याला बोललोय. राहिल्या तुमी.’

मी म्हणाले, ‘बडेबाबू, तुम्ही?’

‘मी तिचा एकबी वार कापला न्हाई,’ ते घाईनं म्हणाले. ‘हिशेब बगा. तीन वार ती पाळायची, तीन वार आत्ताबी पाळायली. फकस्त एक खाना अलीकडं सरकवलेत. देवाला तीन पायजेत, तीन पोचायलेत. एकादशी, चतुर्थी तर मी हलवलीच न्हाई.’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘बाई, ती मरायली हो.’

मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला ती युक्ती आवडलीसुद्धा. हा आयुष्यभर तारीख तारीख करणारा माणूस शेवटी बायकोसाठी वाकला, असं काहीतरी गोड मला वाटलं. मी मूर्ख होते.

त्या आठवड्यापासून त्या घरात सोमवारी मंगळवार असायचा. दारातून आत पाऊल टाकताना मी मनात एक दिवस वाढवून घ्यायची. डायलिसिसच्या संध्याकाळी ओट्यावर तवा तापायचा आणि काकू त्या हिशेबानं निर्धास्त खायच्या. महिन्याभरात फरक पडला. पायाची सूज उतरली. एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारून माझ्या भाजीला नाव ठेवलं, तेव्हा बडेबाबू ओट्यावर उभे राहून तोंड लपवून हसत होते. इतकं आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

एकच गोष्ट त्यांना जमली नाही. फ्रिजमधल्या चिठ्ठ्यांवर ते खराच वार लिहीत होते. मी म्हणाले, ‘त्या कोणी वाचत नाही, पण उगाच कशाला? तिथंही एक पुढचा लिहा.’ ते म्हणाले, ‘तोंडानं बोलायलोय तेवढं बास हाय. हातानं न्हाई होणार.’ मला हसू आलं होतं. कोणाला दिसणार होत्या त्या चिठ्ठ्या?

त्याच दिवसांत पुण्याला त्यांच्या मुलाची मोटारसायकल घसरली आणि पाय मोडला. जिवावरचं नव्हतं, प्लॅस्टर घातलं. काकू दोन दिवस रडल्या आणि म्हणाल्या, ‘माझा सोमवार हाय म्हणून पायावर निभावलं.’ बडेबाबू तेव्हा माझ्याकडं बघत नव्हते. मीही त्यांच्याकडं बघितलं नाही.

प्रयागकाकूंचे डोळे गेले होते, कान शाबूत होते. आमची शाळा शनिवारी सकाळची असते. थंडीत माझी स्कूटी लवकर चालू होत नाही, सात वाजता दहा-बारा किका मारते तेव्हा गल्ली जागी होते. काकूंच्या घरात त्या दिवशी रविवार असायचा. त्यांनी एकदा विचारलं, ‘रईवारी कुठं जायलाव हो बाई सकाळीच?’ मी म्हणाले, ‘ट्रेनिंग असतंय काकू, आता रविवारी पण ठेवायला लागलेत.’ दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. आणि खऱ्या रविवारी मी नऊ वाजेपर्यंत झोपायची, कपडे धोपटायची, तेव्हा त्यांच्या घरी सोमवार. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या ऐकत राहिल्या असणार.

तो सोमवार होता. परभणीहून दोघं परत आले होते, बडेबाबू अंडी आणायला कोपऱ्यावर गेले होते आणि मी काकूंच्या उशाशी बसले होते. त्या म्हणाल्या, ‘बाई, फ्रिजातली दोडक्याची वाटी आणा बरं. आंबली का बगते वास घेऊन.’ मी आणली. त्यांनी वास घेतला, वाटी परत माझ्या हातात दिली. ‘काय लिवलंय वर?’

पंधरा वर्षं मुलांना मी ‘लिहिलंय ते वाच, मनाचं सांगू नको’ असं सांगत आले आहे. मी वाचलं, ‘दोडका. सोमवार, सकाळ.’

वाचल्यावर मला कळलं. पण तोवर शब्द बाहेर पडले होते.

‘सोमवार,’ काकू म्हणाल्या. ‘दोडका तर आज सकाळी माझ्या म्होरं चिरला त्यांनी. काल मटकी होती.’

‘चुकून लिहिलं असेल काकू.’

‘त्यांनी? चुकून?’ त्या म्हणाल्या. एवढंच. त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळं मी जास्त घाबरले. ज्या माणसाच्या हातून आयुष्यात एक वार चुकला नाही, त्याच्या खरेपणानंच त्याला पकडून दिलं होतं, आणि मी ते वाचून दाखवलं होतं.

बडेबाबू आले. हातात कागदात गुंडाळलेली अंडी. काकूंनी विचारलं, ‘आज वार कोणता हो?’ त्यांनी माझ्या हातातली वाटी पाहिली. त्यांना अजूनही बोलता आलं असतं. काहीही बोलता आलं असतं. ते म्हणाले, ‘सोमवार.’

‘किती झाले असे?’

‘नऊ,’ ते म्हणाले. ‘नऊ सोमवार. आज न्हाई धरला तर. आणि नऊ गुरुवार. शनिवारी अंडं केलंच न्हाई मी.’ त्यांना पाठ होतं.

काकूंनी बोटांवर मोजून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, ‘पोराचा पाय मी मोडला.’ बडेबाबू खाली बसले, त्यांच्या पायाला हात लावायला गेले, तर त्यांनी पाय आखडून घेतला. मी तिथून पळाले. दुसरा शब्द नाही त्याला. माझ्या घरी येऊन मी दार लावून घेतलं आणि त्या रात्री भिंतीपलीकडून काहीही ऐकू आलं नाही.

पुढचं सांगायला फार नाही. काकूंनी नऊ सोमवार आणि नऊ गुरुवार निरंकार धरायचं ठरवलं, म्हणजे मशीनवरून उतरून पाण्याच्या घोटावर झोपायचं. डॉक्टर ओरडले. मुलानं फोनवर समजावलं, ‘आई, माझा पाय बरा हाय, मी चालायलोय.’ त्या म्हणाल्या, ‘तुला बी त्यांनीच शिकवलं असंल.’ बाकीच्या दिवशी अंडं चालत होतं, मंगळवार होता, बुधवार होता, पण आता त्यांना कोणता वार खरा ते कळायला मार्ग राहिला नव्हता. दवाखान्याचा वार? तोही नवऱ्यानं एकदा बदलून सांगितला होता. बडेबाबूंनी मोबाइल कानाला लावून आजचा वार ऐकवला. ‘त्याला काय, तुमी घालाल ते बोलतंय,’ काकू म्हणाल्या. त्या चिडून बोलत नव्हत्या. त्यांना खरंच कोणावर विश्वास टाकता येत नव्हता, आणि टाकायची इच्छा होती हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते बघवत नसे.

सूज परत आली. मशीनवर रक्तदाब खाली जायला लागला. बडेबाबू रोज संध्याकाळी फ्रिजपुढं उभे राहायचे, वाट्या काढायचे आणि तशाच परत ठेवायचे.

एका मंगळवारी, शाळा सुटल्यावर मी गेले तर काकू म्हणत होत्या, ‘भूक लागली.’ कितीतरी दिवसांनी. बडेबाबूंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला त्यांच्या डोळ्यांत बघवलं नाही. ते धावत ओट्यावर गेले. मूठभर मेथी होती, पात होती, चमचाभर भात होता, सगळं घातलं. वास घरभर पसरला. काकूंनी श्वास ओढून घेतलेला मी पाहिला. त्यांनी तळहात पुढं केला, बडेबाबूंनी त्यावर पहिला तुकडा ठेवला.

तुकडा तोंडाजवळ नेऊन काकू थांबल्या. ‘आज वार कोणता?’

‘मंगळवार,’ बडेबाबू म्हणाले.

‘बाई, तुमी सांगा.’

‘मंगळवारच आहे काकू. देवाशपथ.’

‘तुमी ट्रेनिंगला जायलात म्हणून सांगायचात,’ त्या म्हणाल्या. हात तसाच, तुकडा तळहातावर, वाफ निघते आहे.

बडेबाबू उठले. चपला न घालता रस्त्यावर गेले. मला वाटलं, रडायला गेले. खिडकीतून पाहिलं तर ते रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे होते. एक मोटारसायकलवाला थांबला, ओळखीचा नव्हता, पाठीमागं खताची गोणी बांधलेली. बडेबाबू हात जोडून त्याला काहीतरी सांगत होते. तो बिचारा गोंधळून आत आला, डोक्याचा रुमाल काढून हातात धरला.

‘ह्यांना फकस्त वार सांगा दादा,’ बडेबाबू म्हणाले. ‘दुसरं कायबी न्हाई. आज कोणता वार हाय तेवढं सांगा.’

तो माणूस एकदा त्यांच्याकडं, एकदा खाटेकडं बघत म्हणाला, ‘मंगळवार हाय की मावशी. आज मंगळवार.’

काकूंनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. त्यांना विश्वास ठेवायचा होता, हे मी शपथेवर सांगते. ओठ हलले. मग त्यांनी हळूच तो तुकडा ताटलीच्या अंदाजानं खाली ठेवला, तो चादरीवर पडला. ‘ह्याला बी सांगून आणलंय,’ त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं वळल्या.

तो माणूस रुमाल चुरगाळत थोडा वेळ उभा राहिला. ‘येतो मी,’ असं कोणाकडंच न बघता म्हणाला आणि गेला. बडेबाबूंनी चादरीवरचा तुकडा उचलला, चादर पुसली, ताटली ओट्यावर नेऊन ठेवली.

शुक्रवारी सकाळी दम लागला म्हणून परभणीला नेताना वाटेतच काकू गेल्या.

तेराव्यानंतर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन जायला आला. पाय थोडा ओढत होता, पण चालत होता. घर आवरताना मी मदत केली. फ्रिजचं बटण बंद करून, आतलं सगळं काढून बडेबाबूंनी दार फडक्यानं पुसलं आणि ते उघडंच ठेवलं, वास मारू नये म्हणून. चिठ्ठ्या एकही नव्हत्या. भाड्याची गाडी दारात उभी होती, मुलगा बॅगा ठेवत होता. बडेबाबू गाडीत एक पाय ठेवून थांबले आणि परत उतरून माझ्याजवळ आले. दाढी वाढली होती. शर्टाची गुंडी चुकीच्या काजात लावलेली होती.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘एक इचारू? तिला नंतर तरी कळलं असंल का हो? की त्या दिवशी मंगळवारच होता?’

मंगळवार ते शुक्रवार, त्या तीन दिवसांत मी रोज काकूंजवळ बसले होते. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी मला एकदा पुन्हा वार विचारला होता, मी सांगितला होता, आणि त्यांनी मान हलवून नाही म्हटलं होतं. हे त्यांना माहीत नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते. खऱ्याशिवाय काही न लिहिलेला माणूस माझ्याकडं काहीतरी मागत होता, आणि मला वाटलं, ह्या माणसाला तरी आता खरंच सांगावं. निदान मी तरी त्यांना फसवू नये.

‘नाही बडेबाबू,’ मी म्हणाले. ‘नाही कळलं.’

त्यांनी मान डोलावली. ‘बराबर,’ ते म्हणाले. अर्जात काही कमी निघालं की म्हणायचे तसंच. मग गाडीत जाऊन बसले, मुलानं दार लावलं, गाडी निघाली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मला कळलं की त्यांनी मला खरं विचारलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाकडं तरी एक खोटं मागितलं होतं, आणि मी ते दिलं नव्हतं.